आबालाल रहिमान

आबालाल रहिमान, मूळ नाव अब्दुल अझीझ रहिमान (जन्म: इ.स. १८६० च्या सुमारास, कोल्हापूर. मृत्यू: २८ डिसेंबर, इ.स. १९३१, कोल्हापूर), हे महाराष्ट्रातील आद्य निसर्गचित्रकारांपैकी एक होते. काही ग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष इ.स. १८५६ असे दिलेले आढळते. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीचे शिक्षण घेऊन ते कोल्हापूरला परतले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी त्याच नगरात व त्याच्या परिसरात चित्रे काढण्यात घालवले. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत ते दरबारचे चित्रकार होते. रंकाळा, कोटीतीर्थ आणि पंचगंगेचा काठ हे त्यांच्या निसर्गचित्रांचे प्रमुख विषय होत. कोल्हापूरच्या कलापरंपरेत त्यांना कलातपस्वी या बिरुदाने ओळखले जाते. त्यांनी काढलेल्या हजारो चित्रांपैकी फार थोडी आज उपलब्ध आहेत.

घराणे आणि बालपण

आबालाल यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. त्यांचे वडील अरबी, फार्सी आणि संस्कृत या भाषांचे जाणकार होते व मुलाचे आरंभीचे शिक्षण त्यांच्याच देखरेखीखाली झाले. धर्मग्रंथाची प्रत करणे हे त्या काळी केवळ लेखनिकाचे काम नव्हते. बोरूचा छेद, शाईचा दाटपणा, ओळींमधील अंतर, प्रकरणारंभीची वेलबुट्टी आणि पानाभोवतीची चौकट या प्रत्येक गोष्टीला ठरलेले प्रमाण असे व एका चुकीने सबंध पान वाया जाई. आकृती काढण्यास मनाई असलेल्या या कलेत पाने, फुले आणि वेली यांनाच मुक्त वाव मिळत असे. आबालाल यांच्या हाताला वळण लागले ते या कामातून. पुढील काळातील त्यांच्या रेखाटनांत दिसणारा बारीक, न थरथरणारा स्पर्श कलाशाळेत जाण्यापूर्वीच त्यांना साधला असावा, असे मानण्यास जागा आहे.

कोल्हापुरातील ब्रिटिश प्रतिनिधीच्या पत्नीच्या दृष्टीस या तरुणाची चित्रे पडली आणि तिच्या शिफारशीने त्याला मुंबईस पाठवण्याची व्यवस्था झाली, अशी कथा त्यांच्या चरित्रात परंपरेने सांगितली जाते. तिच्या तपशिलांत सांगणाऱ्यागणिक फरक पडतो, मात्र इ.स. १८८० च्या दशकात आबालाल मुंबईच्या कलाशाळेत विद्यार्थी होते, हे निश्चित आहे. कोल्हापूरपर्यंत लोहमार्ग येण्यास त्या वेळी अजून अवकाश होता (तो इ.स. १८९१ मध्ये आला). संस्थानातील एका मुस्लिम कातिब घराण्यातील मुलाने चित्रकला शिकण्यासाठी मुंबई गाठणे ही त्या काळी सामान्य घटना नव्हती.

मुंबईतील शिक्षण

सर ज. जी. कलाशाळेची स्थापना इ.स. १८५७ मध्ये झाली होती. आबालाल यांच्या विद्यार्थिदशेत तिची सूत्रे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे ग्रिफिथ्स यांचे काम इ.स. १८७२ मध्ये सुरू झाले व इ.स. १८८५ पर्यंत चालले. लंडनमधील आगीत त्यांतील बऱ्याच प्रतिकृती नष्ट झाल्या. कलाशाळेतील नेहमीचा अभ्यासक्रम मात्र इंग्लंडमधील कलाशिक्षणाच्या धर्तीवर आखलेला होता. विद्यार्थ्याने प्रथम भौमितिक आकार, मग ग्रीक व रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आणि शेवटी प्रत्यक्ष माणूस समोर बसवून रेखाटन करावे, असा हा क्रम होता. छायाप्रकाशाच्या पायऱ्या पेन्सिलीने किंवा कोळशाने इतक्या हळुवार चढवायच्या की कागदावरचा पुतळा गोलाकार भासावा, ही त्यातील मुख्य कसोटी असे.

या कसोटीला आबालाल पूर्णपणे उतरले. त्यांची विद्यार्थिदशेतील पुतळ्यांची व व्यक्तींची रेखाटने कलाशाळेने आदर्श म्हणून जपून ठेवली आणि पुढील पिढ्यांतील विद्यार्थ्यांसमोर ती नमुना म्हणून ठेवली गेली. इ.स. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली व तिच्या वार्षिक प्रदर्शनांमुळे मुंबईत चित्रकाराला नाव, ग्राहक आणि व्यक्तिचित्रांची कामे मिळवून देणारी बाजारपेठ उभी राहू लागली. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर दोन वर्षांनी त्याच कलाशाळेत दाखल झाले आणि या नव्या व्यवस्थेत सर्वोच्च स्थानी पोहोचले. सुवर्णपदक हाती असलेल्या आबालाल यांना तो मार्ग त्याआधीच मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही. कौटुंबिक आघातामुळे ते कोल्हापूरला परतले असे सांगितले जाते. ते परत मुंबईस स्थायिक होण्यासाठी गेले नाहीत.

शाहू महाराजांचा आश्रय

छत्रपती शाहू महाराज २ एप्रिल १८९४ रोजी गादीवर आले. मल्लविद्या, संगीत आणि नाट्य यांना त्यांनी दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. चित्रकलेच्या बाबतीत त्यांनी आबालाल यांना हेरले आणि दरबारचे चित्रकार म्हणून त्यांची योजना केली. महाराजांना शिकारीचा मोठा षोक होता. शिकारीच्या मोहिमांत आबालाल यांना बरोबर नेले जाई आणि हत्ती, शिकारी जनावरे व जंगलातील प्रसंग ते रेखाटत, असे उल्लेख आढळतात. दरबारी चित्रकाराकडून व्यक्तिचित्रे आणि समारंभाची चित्रे अपेक्षित असत, ती त्यांनी केलीही. परंतु या आश्रयाचा खरा लाभ वेगळा होता. उदरनिर्वाहासाठी ग्राहकाच्या मर्जीनुसार काम करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. दिवसातील बराचसा वेळ ते तळ्याकाठी बसून घालवू शकले आणि त्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारला नाही. संस्थानिकाने कलावंताला दिलेली ही मोकळीक त्या काळातील अन्य दरबारांच्या तुलनेत विशेष म्हणावी लागेल.

आबालाल यांची राहणी अत्यंत साधी होती. फकिरासारखे जीवन जगणारा, अबोल, मानमरातबाविषयी उदासीन असा माणूस म्हणून कोल्हापूरकरांच्या स्मरणात ते राहिले. प्रदर्शने व पारितोषिके यांच्या वाटेला विद्यार्थिदशेनंतर ते फारसे गेले नाहीत.

निसर्गचित्रे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय चित्रकारासाठी निसर्ग हा बहुधा पार्श्वभूमीचा विषय होता. लघुचित्रांत तो वृक्षवेलींच्या ठरीव आकारांतून येई, तर राजा रविवर्मा यांच्या प्रभावाखालील पौराणिक चित्रांत नायिकेच्या मागे पडद्यासारखा उभा राही. इंग्रज प्रवासी चित्रकारांनी भारतातील घाट, किल्ले आणि समुद्रकिनारे रंगवले होते; पण त्यांची नजर नवखे आणि भव्य ते टिपणारी होती. माणूस, देवता किंवा ऐतिहासिक वास्तू यांच्या आधारावाचून आपल्या घराजवळचे पाणी, झुडपे, चिखलाचा काठ आणि आभाळ एवढ्यावरच चित्र उभे करणारे जे पहिले मराठी चित्रकार होते, त्यांत आबालाल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

कोल्हापूर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले असले तरी त्या काळी ते पाण्याने वेढलेले नगर होते. पंचगंगा उत्तरेकडून वाहते. पश्चिमेस रंकाळ्याचा विस्तीर्ण जलाशय आहे. आणि नगराच्या आत व भोवताली कितीतरी तळी होती. वरुणतीर्थ बुजून आजचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले. आबालाल यांच्या चित्रांतील कोल्हापूर हे या तळ्यांचे कोल्हापूर आहे. किनाऱ्यावरचा चित्रकार जसा भरती-ओहोटीच्या वेळा पाळतो, तसे ते तळ्याच्या पाण्याचे चढउतार आणि त्यावर पडणारा सकाळ-संध्याकाळचा प्रकाश पाहत राहिले.

रंकाळ्यातील संध्यामठ हा त्यांचा आवडता विषय होता. तळ्याच्या पात्रात असलेली ही खांबांची दगडी वास्तू पावसाळ्यात पाण्याखाली जाते व उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडी पडते. त्यामुळे एकाच जागी बसलेल्या चित्रकाराला ती वर्षभरात वेगवेगळ्या रूपांत दिसते. कधी नुसते छत, कधी अर्धे खांब आणि त्यांची लांबलेली प्रतिबिंबे, कधी कोरड्या गाळात उभा असलेला संपूर्ण मंडप. रंकाळ्याच्या काठावरील आजचा परिचित शालिनी पॅलेस तेव्हा नव्हता. त्याचे बांधकाम इ.स. १९३१ मध्ये, म्हणजे आबालाल यांच्या मृत्यूच्या वर्षी सुरू झाले. त्यामुळे त्यांच्या वेळचा काठ अधिक मोकळा होता आणि क्षितिजरेषा पाण्याला टेकलेली होती. आज रंकाळ्याचे चित्र काढणाऱ्याला ती रेषा सहसा सापडत नाही.

आबालाल यांच्या निसर्गचित्रांत दोन टप्पे स्पष्टपणे वेगळे दाखवता येतात. आरंभीच्या चित्रांवर कलाशाळेची छाप आहे. त्यांत जलरंगांचे पारदर्शक थर फिकट छटेकडून गडद छटेकडे चढत जातात, उजेडासाठी कागदाचा पांढरेपणा राखून ठेवलेला असतो आणि झाडाचा बुंधा, दगडांची रचना, पायऱ्यांच्या कडा काटेकोरपणे दाखवलेल्या असतात. नंतरच्या चित्रांत कडा विरघळू लागतात. पाने एकेक न काढता रंगांचे लहान लहान ठिपके आणि तुटक फटकारे शेजारीशेजारी ठेवलेले दिसतात. जवळून पाहिल्यास ते विस्कळीत वाटतात, दोन पावले मागे गेल्यावर त्यांतून झुडूप, पाण्याचा थरकाप किंवा धुके तयार होते. सावली काळ्या-करड्या रंगाऐवजी निळ्या-जांभळ्या छटांनी दाखवलेली असते.

फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवादी आणि बिंदुवादी चित्रकारांची रीत याच्याशी मिळतीजुळती आहे. जॉर्ज सरा यांचे प्रसिद्ध बिंदुवादी चित्र इ.स. १८८४ ते १८८६ या काळातले, म्हणजे आबालाल मुंबईत शिकत असतानाचे. त्या काळी मुंबईच्या कलाशाळेत या प्रवाहाला स्थान नव्हते आणि कोल्हापुरात तर अशी मूळ चित्रे पाहावयास मिळण्याचा संभवच नव्हता. म्हणून आबालाल यांनी ही रीत निसर्गाच्या दीर्घ निरीक्षणातून स्वतः शोधली, असे बहुतेक कलासमीक्षक मानतात. ओळीशेजारी ओळ आणि बिंदूशेजारी बिंदू ठेवून पान भरण्याची हस्तलिखितांची सवयही या ठिपक्यांमागे असावी. ही शक्यता समीक्षेत पाश्चात्त्य तुलनेच्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे.

त्यांच्या चित्रांत माणसे आली तरी लहान येतात. काठावरच्या झुडपांइतकेच त्यांना महत्त्व असते. नाट्यपूर्ण सूर्यास्त किंवा वादळी आकाश यांचा मोह त्यांना फारसा पडलेला दिसत नाही. बहुतेक चित्रे आकाराने लहान आहेत, आणि एका बैठकीत प्रकाश बदलण्यापूर्वी पूर्ण करता येतील एवढीच त्यांची व्याप्ती आहे.

साधने

पेन्सिल, कोळसा, जलरंग, पेस्टल आणि तैलरंग ही सर्व माध्यमे आबालाल यांनी हाताळली. विलायती रंग महाग असत व मुंबईहून मागवावे लागत. त्यामुळे ते पाने, फुले, माती आणि खनिजे यांपासून स्वतःचे रंग तयार करत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ग्रंथलेखनाच्या घराण्यात वाढलेल्या माणसाला हे ज्ञान परके नव्हते: काजळीपासून शाई, गेरूपासून तांबडा, हरताळापासून पिवळा, निळीपासून निळा आणि या सर्वांना धरून ठेवण्यासाठी बाभळीचा डिंक, ही सामग्री हस्तलिखितांच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. वनस्पतीपासून काढलेले रंग मात्र उन्हाने विटतात. चित्राच्या टिकाऊपणापेक्षा समोरची छटा आज, या क्षणी मिळते की नाही, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटत असावे. हाताशी येईल त्या कागदावर चित्र काढण्याची त्यांची सवयही याच वृत्तीशी जुळते.

कोटीतीर्थातील विसर्जन

आबालाल यांच्या जीवनातील सर्वांत चर्चिली गेलेली घटना म्हणजे त्यांनी स्वतःची चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून देणे. कोटीतीर्थ हे कोल्हापूरच्या पूर्व भागातील, महादेवाच्या मंदिरालगतचे जुने तळे. इ.स. १९०६ मध्ये स्थापन झालेली शाहू मिल त्याच्या जवळच आहे. या परिसरात आबालाल यांचा दीर्घकाळ वावर होता व या तळ्याची अनेक चित्रे त्यांनी काढली होती.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. या मृत्यूने आबालाल कोसळले आणि आपल्या कलेचा खरा जाणकार गेल्यावर ती कोणासाठी ठेवायची, या भावनेने त्यांनी घरातील चित्रांचे गठ्ठे तळ्यात बुडवले, अशी हकीकत कोल्हापुरात सांगितली जाते. चित्रांची संख्या हजारोंच्या घरात होती, याविषयी सर्वांचे एकमत आहे. नेमके आकडे मात्र सांगणाऱ्यांनी वाढवत नेले आहेत. जलरंग पाण्यात किती झपाट्याने सुटतो, हे लक्षात घेतले तर त्यांतील काही परत मिळण्याची आशाच नव्हती.

या कृतीचे अर्थ अनेकांनी अनेक परींनी लावले आहेत. कोणी त्यात शोकाचा अतिरेक पाहिला, कोणी सूफी विरक्ती, तर कोणी नव्या राजवटीत आश्रय उरणार नाही या जाणिवेतून आलेली निराशा. जीर्ण झालेली पवित्र हस्तलिखिते रद्दीत न टाकता वाहत्या पाण्यात सोडण्याची किंवा पुरण्याची प्रथा मुस्लिम समाजात आहे. कुराणाच्या प्रती करणाऱ्या घरातील माणसाने चित्रित कागदांना तोच मान दिला असेल, हा अर्थही लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या पाण्याची ती चित्रे होती त्याच पाण्यात ती गेली, या योगायोगावर पुढे बरेच भावुक लेखन झाले. त्या लेखनाने आबालाल यांची कीर्ती वाढवली, पण त्यांच्या उरलेल्या चित्रांकडे बारकाईने पाहण्याचे काम मात्र मागे पडले. दहा-वीस वर्षांच्या सलग निरीक्षणातून त्यांची शैली पायरीपायरीने कशी बदलत गेली, हे दाखवणारा पुरावाच या विसर्जनाबरोबर नाहीसा झाला. मराठी निसर्गचित्रणाच्या इतिहासातील ही पोकळी भरून येण्यासारखी नाही.

शाहू महाराजांनंतर आबालाल सुमारे साडेनऊ वर्षे जगले. हा काळ त्यांनी एकाकीपणे व अभावात काढला. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

प्रभाव

आबालाल यांनी कलाशाळा काढली नाही की पुस्तक लिहिले नाही. तरीही कोल्हापुरातील तरुण चित्रकार त्यांना गुरुस्थानी मानत. बाबूराव पेंटर (३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४) आणि आनंदराव पेंटर यांनी औपचारिक कलाशिक्षण घेतलेले नव्हते. नाटकांचे पडदे रंगवत ते शिकले. अशा चित्रकारांना कलाशाळेत तयार झालेला, पण तिच्या चौकटीपलीकडे गेलेला माणूस आपल्याच गावात तळ्याकाठी काम करताना पाहावयास मिळणे ही मोठी संधी होती. बाबूराव पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आले आणि इ.स. १९२० मध्ये त्यांचा सैरंध्री हा मूकपट प्रदर्शित झाला. दत्तोबा दळवी यांनीही आबालाल यांच्या निसर्गचित्रणाचा संस्कार घेतला. दळवी यांच्या नावाची कलासंस्था कोल्हापुरात पुढे अनेक पिढ्यांचे शिक्षणकेंद्र ठरली. चित्रपट अभिनेते चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांनी जोपासलेली निसर्गचित्रणाची आवडही याच कोल्हापुरी परंपरेतील आहे. राजारामपुरीतील त्यांचे कलादालन ती पाहण्यासाठी खुले आहे.

तळ्याकाठी, घाटावर किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर कागद घेऊन बसणे, जागेवरच चित्र पूर्ण करणे आणि स्टुडिओत नेऊन त्यावर फारसे संस्कार न करणे, ही कोल्हापूरच्या चित्रकारांची सवय आबालाल यांच्यापासून चालत आल्याचे मानले जाते. रविवारी सकाळी रंकाळ्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांत ती अजूनही दिसते.

उपलब्ध चित्रे

आबालाल यांच्या विद्यार्थिदशेतील रेखाटनांचा संग्रह मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आहे. त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात बाबूराव पेंटर आणि अन्य कोल्हापुरी चित्रकारांच्या कामाबरोबर ठेवलेली आहेत. आयुष्यभर त्यांनी चित्रे मागणाऱ्यांना सहज देऊन टाकल्यामुळे काही कोल्हापुरातील खासगी घरांतही टिकून राहिली. टाऊन हॉलची इमारत चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार आबालाल यांच्या बालपणी, इ.स. १८७० च्या दशकात उभी राहिली. तेथून कोटीतीर्थ पायी जाण्याच्या अंतरावर आहे.